रुईची पाने संपत आली आहेत; प्लेन टायगरच्या अळ्यांना दुसरे काय देता येईल?

वाघोडिया रोड:

नमस्कार मंडळी. बडोद्यात वाघोडिया रोडच्या बाजूला आमचे घर आहे आणि गॅलरीत हळदीकुंकवाच्या काही कुंड्या आहेत. लाल-पिवळ्या फुलांचे, पान तोडले की पांढरा चीक येणारे जे झुडूप नर्सरीत मिल्कवीड या नावाने मिळते, तेच हे. त्यावर प्लेन टायगर फुलपाखरू नेमाने अंडी घालते. अंडी आणि लहान अळ्या मुंग्या, कोळी, गांधीलमाश्या यांच्या तोंडी जातात, म्हणून मी अंडी असलेल्या फांद्या कापून जाळीच्या पेटीत ठेवते आणि फुलपाखरे बाहेर आली की सोडून देते. या खेपेला अळ्या नेहमीपेक्षा फार झाल्या आहेत. कुंड्यांमध्ये नुसत्या काड्या उरल्या असून, कोपऱ्यावरच्या मोकळ्या प्लॉटमधली ज्या रुईच्या भरवशावर मी निर्धास्त होते, ती पावसाळ्याआधीच्या साफसफाईत जेसीबीने मुळासकट उपटून नेली.

ओळखीत गल्लत नको म्हणून वर्णन देते: अळीचे अंग काळे, त्यावर पांढरे आडवे पट्टे आणि पिवळे ठिपके, आणि पाठीवर काळ्या मऊ शिंगांच्या तीन जोड्या. काही अळ्या तांदळाच्या दाण्याएवढ्या आहेत, तर काही करंगळीएवढ्या लांब झाल्या आहेत.

माझी भाची अमेरिकेत, न्यू जर्सीत असते आणि तिकडच्या मोनार्क फुलपाखरांच्या अळ्या वाढवते. मोनार्क आणि आपला प्लेन टायगर हे एकाच डॅनॉस गणातले. तिकडे मिल्कवीड कमी पडले की लोक भोपळ्याच्या फोडी घालतात, असे तिच्या बोलण्यात आले होते आणि इंटरनेटवर काकडीचेही नाव वाचले. तेव्हा आपल्याकडचा लाल भोपळा, दुधी किंवा काकडी या अळ्यांना चालेल का, आणि चालत असेल तर किती मोठ्या अळीला? दुसरी शंका कण्हेरीविषयी. सोसायटीच्या कुंपणाला कण्हेर आणि तगर हवी तेवढी आहे, दोन्हींना चीक आहे, आणि रुई व कण्हेर आता एकाच कुळात धरतात असे वाचनात आले. मग त्यांची कोवळी पाने देऊन पाहावीत का? शनिवारी मारुतीच्या देवळाबाहेर रुईच्या माळा मिळतात, त्यांचा उपयोग होईल का, हेही सांगावे. फ्रिजमध्ये दोन दिवस पुरतील एवढीच पाने आहेत, त्यामुळे उत्तर लवकर मिळाले तर फार बरे होईल.

हरणदोडी:

कण्हेर आणि तगर देऊ नका, हे आधी सांगतो. बाकीचे सविस्तर लिहितो.

जुन्या पुस्तकांत रुईचे कूळ वेगळे होते आणि आता ते कण्हेरीच्या कुळात विलीन केले आहे, हे तुम्ही वाचले ते बरोबर आहे. पण अळी कुळाचे नाव पाहून खात नाही. पानाला तोंड लावले की ठरावीक रसायनांची चव तिला ओळखू यावी लागते, आणि ती ओळख पटली नाही तर समोर हिरवा ढीग असूनही ती हिंडत राहते व उपाशी मरते. कण्हेरीवर कॉमन क्रो या काळपट तपकिरी फुलपाखराच्या अळ्या वाढतात. कण्हेर, तगर आणि सदाफुली या तिन्हींवर ओलिअँडर हॉकमॉथ नावाच्या मोठ्या हिरव्या पतंगाच्या अळ्या वाढतात. प्लेन टायगरच्या खाद्यात यांतले काहीही नाही. चीक आहे म्हणून चालेल हा तर्क केला, तर वड, उंबर आणि शेरसुद्धा चालायला हवेत.

याहून जवळच्या झाडांवरही फसगत होते, आणि ती खुद्द मादीची होते. अमेरिकेत युरोपातून आलेली स्वॅलोवर्ट नावाची एक वेल माजली आहे. ती मिल्कवीडच्याच उपकुळातली असल्यामुळे मोनार्कच्या माद्या कधी कधी तिच्यावर अंडी घालतात, पण त्यांतून निघालेल्या अळ्या जगत नाहीत. पायांनी पान चाचपून पाहणाऱ्या मादीला जिथे फरक कळत नाही, तिथे आपण केवळ चीक पाहून निवड करणे धोक्याचे आहे.

आता भोपळ्याविषयी. मोनार्कच्या बाबतीत ही गोष्ट खरी आहे, पण अर्धीच सांगितली जाते. अळी कोषात जाण्यापूर्वी चार वेळा कात टाकते आणि तिच्या एकंदर पाच अवस्था होतात. यांपैकी केवळ शेवटच्या, पाचव्या अवस्थेतील अळी, तीही त्या अवस्थेत थोडे दिवस मिल्कवीड खाऊन झालेली असेल तर, भोपळ्याच्या किंवा काकडीच्या फोडी खाऊन कोषापर्यंत पोहोचू शकते. त्याहून लहान अळ्या भोपळ्यावर मरतात. न्यूझीलंडमध्ये मोनार्कच्या अळ्या स्वॅन प्लांट नावाच्या आफ्रिकी मिल्कवीडवर वाढवतात; उन्हाळ्याच्या अखेरीस ती झाडे ओकीबोकी होतात आणि तिथेही भोपळ्याचा हाच उपाय घरोघरी केला जातो, पण तोही मोठ्या अळ्यांपुरताच. आयुष्यभरातले बहुतेक सगळे खाणे अळी या शेवटच्या अवस्थेतच खाते. त्यामुळे पाने नेमकी त्याच वेळी संपतात आणि लोकांना भोपळा आठवतो.

भोपळ्यावर वाढलेल्या फुलपाखरात आणखी एक उणीव राहते. रुई आणि मिल्कवीड यांच्या चिकात हृदयावर परिणाम करणारी कार्डिनोलाइड नावाची विषे असतात. ही विषे प्राण्यांच्या पेशींतला सोडियमचा पंप बंद पाडतात. मोनार्क आणि त्याच्या भाऊबंदांमध्ये त्या पंपाची घडणच थोडी बदललेली असल्यामुळे त्यांना ती बाधत नाहीत, उलट अंगात साठवता येतात, आणि पक्षी अशा फुलपाखरांच्या वाटेला जात नाहीत. लिंकन ब्राउअर या अमेरिकी शास्त्रज्ञाने 1960 च्या दशकात सहकाऱ्यांसह याचा एक सुंदर पुरावा दिला. त्यांनी निवडीने मोनार्कचा असा वाण तयार केला की जो चक्क कोबीवर वाढू शकेल. कोबीवर वाढलेली ती फुलपाखरे ब्लू जे पक्ष्यांनी मजेत खाल्ली. हळदीकुंकवावर वाढलेले मोनार्क खाल्ल्यावर मात्र त्याच पक्ष्यांना ओकाऱ्या झाल्या. म्हणजे अळीचे पोट दुसऱ्या कशाने भरता आले, तरी फुलपाखराला मिळणारे संरक्षण त्या पानातूनच यावे लागते. (हे वाचून कोणी घरी कोबी घालून पाहू नये. प्रयोगशाळेतला तो वाण खास निवडलेला होता.)

म्हणून पर्याय शोधायचा तो भाजीच्या टोपलीत नव्हे, रुईच्या गोतावळ्यात. रुईच्या दोन्ही जाती, मोठी जांभळट-पांढऱ्या फुलांची आणि लहान, जांभळ्या टोकांच्या पाकळ्यांची, प्लेन टायगरला सारख्याच चालतात. त्यानंतर माझ्या मते सर्वांत भरवशाची उतरण. कुंपणावर चढणारी ही वेल तुम्ही नक्की पाहिली असेल: हृदयाच्या आकाराची लवदार पाने, हिरवट पांढरी फुले आणि मऊ काट्यांची, जोडीने लागणारी फळे, पान चुरगाळले की उग्र वास येतो. पहिल्या पावसानंतर ती भराभर वाढते. ओढ्या-तळ्यांच्या काठी दुधाणी ही नाजूक वेल मिळते, तिची फुले आतून गुलाबी रेषांची असतात. तीही या फुलपाखराची खाद्यवनस्पती आहे. गुजरातेत जिची भाजी करतात ती डोडी, म्हणजे खरखोडी, ज्या गणातली आहे त्या गणाचीही या फुलपाखराच्या खाद्यवनस्पतींत नोंद आहे. पण हाताशी असेल तर आधी एका मोठ्या अळीला देऊन पाहा आणि ती खाते आहे हे दिसल्याशिवाय इतरांना देऊ नका. हरणदोडीवर मात्र, माझे टोपणनाव तेच असले तरी, भिस्त ठेवू नका. ती ब्लू टायगर या दुसऱ्या फुलपाखराची.

गंमत म्हणून सांगतो, हवाई बेटांवर मोनार्क आपल्या मोठ्या रुईवरच वाढतात. ही झाडे तिकडे बाहेरून नेलेली आहेत आणि तिथले लोकही तिच्या फुलांच्या माळा करतात. हवाईची शेवटची राणी लिलिउओकलानी हिचे ते आवडते फूल होते.

पूर्वी दांडिया बाजार, आता न्यू जर्सी:

मावशी, मी फोनवर अर्धवट सांगितले आणि तू ते मनावर घेतलेस, म्हणून इथे नीट लिहिते.

आमच्याकडे मिल्कवीड थंडीत जमिनीपर्यंत सुकते आणि सप्टेंबरात त्याची पाने पिवळी पडू लागतात. उशिरा अंडी घातली गेली तर अळ्या मोठ्या आणि पाने म्हातारी, अशी अडचण होते. अशा वेळी मी बटरनट नावाचा लांबट, केशरी गराचा भोपळा वापरला आहे. साल काढून पातळ काप करायचे आणि ते पेटीत उभे टेकवून ठेवायचे, म्हणजे अळीला कडेवरून कुरतडता येते. कापाच्या सपाट पृष्ठभागावर तिची पकड बसत नाही, कड मात्र पानाच्या कडेसारखी तोंडात धरता येते. काप सकाळ-संध्याकाळ बदलावे लागतात. तुमच्याकडच्या उकाड्यात तर ते दुपारपर्यंतच आंबतील आणि त्यावर चिलटे येतील. भोपळा खाणाऱ्या अळीची विष्ठा काळपट हिरव्या कोरड्या गोळ्यांऐवजी केशरी आणि ओलसर होते, त्यामुळे पेटीचा तळ रोज कोरडा करावा लागतो, नाहीतर बुरशी धरते.

सगळ्या अळ्या तो खात नाहीत. काही अळ्या कापावरून चालत जातात, पेटीच्या छताला जाऊन बसतात आणि तशाच सुकतात. ज्या खातात त्यांना कोषात जायला जास्त दिवस लागतात, आणि फुलपाखरे लहानखुरी निघतात. एखाद्याचे पंख नीट उलगडतही नाहीत. शरद ऋतूतल्या मोनार्कना इथून मेक्सिकोतल्या मिचोआकानच्या डोंगरांपर्यंत तीन-चार हजार किलोमीटर उडत जायचे असते, त्यामुळे अशक्त फुलपाखरू सोडताना मला बरे वाटत नाही. म्हणून आता मी भोपळ्याआधी दुसरे उपाय करते. मिल्कवीडच्या कोवळ्या शेंगा, फुलांचे गुच्छ आणि देठाची हिरवी साल मोठ्या अळ्या आवडीने खातात. पाने संपली असे आपण म्हणतो तेव्हाही झाडावर हे सगळे शिल्लक असते. शिवाय उन्हाळ्यात पाने धुऊन, पुसून, पिशवीत घालून डीप फ्रीझरमध्ये ठेवते. ती बाहेर काढल्यावर काळपट आणि लिबलिबीत होतात, दिसायला अगदी वाईट, पण मोठ्या अळ्या ती खातात आणि तो शेवटी मिल्कवीडचाच आहार असतो.

मावशी, तुझ्या तांदळाएवढ्या अळ्यांना भोपळा दाखवूसुद्धा नकोस. उरलेली पाने आधी त्यांना दे.

वाघोडिया रोड:

दोघांचेही मनापासून आभार. कण्हेरीचा विचार सोडला. दुधीविषयी कोणी काही म्हणाले नाही, पण भोपळ्याचीच ही कथा असेल तर दुधीची निराळी असणार नाही, असे मी धरून चालते.

आता अडचण रुई मिळवण्याची आहे. आमच्या बाजूला नवीन इमारती झाल्यामुळे मोकळी जागा उरलेली नाही. सोसायटीच्या माळीबुवांना आकडो, म्हणजे रुईच्या गुजराती नावाने, विचारले तर ते हसले. आयुष्यभर जे उपटून टाकले ते आता कोणी मागते आहे, याचे त्यांना नवल वाटले. शिवाय माझ्या लहान अळ्या हळदीकुंकवाच्या पातळ पानांवर वाढल्या आहेत. त्या रुईचे जाड पान खातील का?

मांजलपूरकर:

रुई शहरात भरपूर आहे, फक्त नजर रस्त्यावरून काढून कडेला न्यावी लागते. रेल्वेलाइनच्या बाजूचे पडीक पट्टे, कॅनॉलचे काठ, विश्वामित्रीच्या घळी, हायवेच्या सर्व्हिस रोडची कड, या सगळीकडे ती आहे. विश्वामित्रीत अगदी काठापर्यंत मात्र उतरू नये. मगरींचा वावर आहे आणि पावसाळ्याच्या तोंडावर पाणी अचानक चढते. ज्या पट्ट्यांवर तणनाशक मारलेले असते तिथली पाने घेऊ नका. आजूबाजूचे गवत एकसारखे पिवळे आणि करपलेले दिसले तर ती जागा सोडून द्यावी. शेताच्या बांधावरच्या रुईवरही पिकावरची फवारणी उडालेली असते.

मारुतीच्या देवळाबाहेरच्या माळांविषयी विचारले आहे. हरणीच्या देवळाकडे शनिवारी सकाळी ताज्या माळा मिळतात, पण त्या बहुधा फुलांच्या आणि कळ्यांच्या असतात. माळवाल्यांना आधी सांगून ठेवले तर ते पानांची जुडी आणून देतात, आणि ती पाने कुठून तोडली हेही त्यांनाच विचारता येते. देवाला वाहून झालेली माळ मात्र मुळीच घेऊ नये. तिला तेल आणि शेंदूर लागलेला असतो. अळीच्या कुशीला श्वासाची बारीक छिद्रे असतात, ती तेलाने बुजतात.

पाने तोडताना घ्यायची काळजी मी मुद्दाम जोर देऊन सांगतो. रुईचा चीक डोळ्यात जाणे हा गंभीर प्रकार आहे. सुरुवातीला फारसे दुखत नाही म्हणून माणूस दुर्लक्ष करतो आणि काही तासांनी त्या डोळ्याला धुके पसरल्यासारखे दिसू लागते, कारण चीक बुबुळाच्या पारदर्शक पडद्याला आतून सूज आणतो. चष्मा आणि हातमोजे घालून पाने तोडा, त्या हाताने कपाळाचा घाम पुसू नका, आणि चीक डोळ्यात गेलाच तर भरपूर स्वच्छ पाण्याने डोळा बराच वेळ धुऊन लगेच नेत्रतज्ज्ञाकडे जा. मुलांना या कामात घेऊ नये.

घरी आणल्यावर पाने वाहत्या पाण्याखाली दोन्ही बाजूंनी धुवावीत. रुईच्या पानाला खालून पांढरी भुकटीसारखी लव असते, तिच्यात धूळ आणि पिवळा मावा दोन्ही दडतात. कापडाने टिपून, वर्तमानपत्रात गुंडाळून डब्यात घालून फ्रिजच्या खालच्या कप्प्यात ठेवली तर पाने आठवडाभर चांगली राहतात. नुसत्या प्लॅस्टिकच्या पिशवीत त्यांना पाणी सुटते आणि देठाकडून ती सडतात. देण्यापूर्वी थोडा वेळ बाहेर ठेवावीत. फांदी पाण्याच्या बाटलीत ठेवणार असाल तर तोंडाशी कापूस गच्च बसवा, कारण अळ्या देठावरून खाली उतरतात आणि बुडून मरतात.

पातळ पानांवरून जाड पानांवर नेण्याविषयी. शेंड्याची, मुठीत मावतील एवढी कोवळी पाने घ्या. तोडल्यावर पानाचे देठ खाली करून चीक निथळू द्या आणि पानाची मधली शीर देठाजवळ नखाने किंचित चेपा. मोठी अळी हेच स्वतः करते, ते पाहण्यासारखे असते: ती पानाच्या देठावर किंवा मधल्या शिरेवर बसून एकाच जागी चावत राहते, चीक बाहेर पडू देते, पान मान टाकल्यासारखे लोंबले की मग पुढे जाऊन त्या कोरड्या भागाची कड खायला घेते. तांदळाएवढ्या अळीच्या जबड्यात मधली शीर तोडण्याचे बळ नसते आणि रुईच्या दाट चिकात ती चिकटून मरू शकते, म्हणून तिच्यासाठी हे काम आपण करायचे. तिला चिमटीत धरून उचलू नका. ती ज्या हळदीकुंकवाच्या पानावर आहे तो तुकडा तसाच रुईच्या पानावर ठेवा. जुने पान सुकले की ती आपणहून खाली उतरते.

एक विचारायचे राहिले. पेटी ज्या खोलीत आहे तिथे रात्री डासांचे लिक्विड मशीन लावता का? लावत असाल तर आजपासून बंद करा. अगरबत्ती आणि कॉइलही नको.

सयाजीबाग सकाळ:

माझे मत थोडे वेगळे आहे आणि ते कोणाला कठोर वाटले तर क्षमा असावी. प्लेन टायगर हे दुर्मीळ फुलपाखरू नव्हे. आफ्रिकेपासून आशियापर्यंत सर्वत्र आढळणारे, आपल्याकडच्या अगदी सर्वसामान्य फुलपाखरांपैकी एक आहे. त्याची प्रत्येक अळी वाचवण्याची निसर्गाची योजनाच नाही. ज्या गांधीलमाश्यांच्या तोंडून आपण अळी काढून घेतो, त्यांनाही पिल्ले पोसायची असतात. एका पेटीत दाटीवाटीने वाढवलेल्या अळ्यांत रोग झपाट्याने पसरतो, आणि पाने संपली की मोठ्या अळ्या अंडी आणि नुकत्या निघालेल्या अळ्या खाऊ लागतात. पेटीत जेवढ्यांना पान आहे तेवढ्याच अळ्या ठेवाव्यात आणि बाकीच्या बाहेरच्या रुईवर नेऊन सोडाव्यात, हा मला सरळ मार्ग वाटतो. भोपळा घालून अळी जगवणे म्हणजे आपल्या मनाच्या समाधानासाठी तिला राबवणे आहे.

हरणदोडी:

संख्या कमी ठेवण्याविषयी मी पूर्ण सहमत आहे. पण गॅलरीत हळदीकुंकू लावले की फुलपाखरू अंडी घालणारच, आणि एका कुंडीत पाच-सहा मोठ्या अळ्यांना पुरेल इतकीही पाने नसतात. म्हणजे झाड लावणाऱ्यावर थोडी जबाबदारी येतेच. बाहेर नेऊन सोडायचे असेल तर मोठ्या अळ्या न्याव्यात, लहान घरी ठेवाव्यात. लोक नेमके उलट करतात, कारण मोठीत जीव गुंतलेला असतो. मोठी अळी नव्या झाडावर लगेच खायला लागते, तिला रुईच्या चिकाचा त्रास कमी होतो, आणि घरातली पानांची ओढही तिच्यामुळेच असते. संध्याकाळी ऊन उतरल्यावर, एका झाडावर दोन-तीनच, पानाच्या खालच्या बाजूला सोडाव्यात. ज्या रुईवर मुंग्यांची रांग असेल ते झाड टाळावे. मुंग्या माव्याचा गोड स्राव घ्यायला येतात आणि अळ्यांना टिकू देत नाहीत.

भोपळ्याविषयी मात्र मी इतका टोकाला जाणार नाही. शेवटच्या अवस्थेतली अळी आहे, मुसळधार पाऊस लागला आहे, दोन दिवस बाहेर पडता येत नाही, तर लाल भोपळ्याचा काप ठेवायला हरकत नाही, एवढेच लक्षात ठेवून की हा अनुभव मोनार्कचा आहे आणि प्लेन टायगर तो मानेलच असे नाही. अळी आकाराने आखडू लागली, पेटीच्या छताला रेशमाची गादी विणून उलटी लटकली, तर तिला आता अन्न नकोच आहे. तेव्हा भूक लागली असे समजून तिच्या तोंडाशी काही नेऊ नये.

वाघोडिया रोड:

माळीबुवांनीच मार्ग काढला. त्यांच्या गावाकडच्या रस्त्यावर, आजवा रोडच्या पुढे, रुई रांगेने उभी आहे आणि तिथे फवारणी होत नाही असे ते खात्रीने सांगतात. आज त्यांनी एक पिशवी भरून शेंड्याची पाने आणली. मोठ्या अळ्या उद्या संध्याकाळी त्यांच्याबरोबर तिकडेच पाठवते. लहानांपैकी बऱ्याच जणींनी रुईच्या पानाला कडेने बारीक भोके पाडली आहेत, म्हणजे खायला सुरुवात झाली असे दिसते. डासांचे मशीन काल रात्रीच काढून ठेवले.

आता कुंड्यांविषयी विचारते. ज्यांच्या नुसत्या काड्या उरल्या आहेत ती हळदीकुंकवाची झाडे काढून नवीन आणावीत का? आणि रुई कुंडीत येईल का?

मांजलपूरकर:

झाडे काढू नका. काड्या जमिनीपासून वीतभर ठेवून छाटा, थोडे शेणखत घाला. दोन-तीन आठवड्यांत प्रत्येक डोळ्यातून फूट येते आणि झाड पहिल्यापेक्षा दाट होते. छाटलेल्या हिरव्या काड्या पाण्यात ठेवल्या तर त्यांना मुळे फुटतात, त्या वेगळ्या कुंडीत लावा. नर्सरीतून नवीन झाड आणलेच तर ते लगेच अळ्यांना देऊ नका. नर्सरीत बहुतेक वेळा आंतरप्रवाही कीटकनाशक घातलेले असते, ते पानापानांत उतरते आणि धुऊन जात नाही. अशा झाडाची आहेत ती पाने छाटून टाकून, पुढची नवी फूट दोनदा येऊ द्यावी. मावा दिसला तर पाण्याची जोरदार धार मारावी, नीमतेलही मारू नये, कारण ते अळ्यांनाही बाधते.

रुई कुंडीत येते, पण मोठी कुंडी आणि दिवसभराचे ऊन पाहिजे. पेन्सिलपेक्षा जाड, थोडी जून झालेली फांदी घ्या, कापल्यावर चीक पूर्ण सुकेपर्यंत एक-दोन दिवस सावलीत पडू द्या आणि मग वाळू मिसळलेल्या मातीत लावा. पाणी बेताने, कारण ती कोरड्याने मरत नाही, ओलीने कुजते. आणि कुंड्यांपैकी एक-दोन नेहमी मच्छरदाणीच्या कापडाने झाकून ठेवा, म्हणजे त्यांवर अंडी पडणार नाहीत आणि बाकीच्यांची पाने संपली की ती झाडे भरलेली मिळतील. उतरणीचे बी हवे असेल तर कळवा. आमच्या कुंपणावर तिची फळे दिवाळीच्या सुमारास तडकतात, तेव्हा पाकिटात घालून ठेवतो.